पारीवरून न उठणारी माणसं

गोंदिया
९ ऑक्टोबर १९३८

प्रिय उदाराम,

"धोतर धुवाचं असते, पाहाचं नसते." माय हे मला सत्तावीस वर्षांपूर्वी तलावाच्या घाटावर म्हणाली होती. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, दसऱ्याला माहेरी आलेली. हातात बाबांचं धोतर होतं, आणि त्यावरचा तांबडा डाग दगडावर घासून जात नव्हता. हे रक्त आहे, असं मी म्हटलं. मायनं आधी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाली, उन्हाळी लागली हाय त्यायले, धन्याचं पाणी देऊन राहिली मी. आणि वर ते वाक्य. मी डाग घासत राहिले. त्या आठवड्यात असे आणखी दोन डाग मी धुतले.

इकडे सगळं ठीक आहे. शाळेत यंदा सदतीस मुली आहेत, पैकी निम्म्या घरी हिंदी बोलतात आणि माझ्या मराठीला हसतात. अंगणातल्या सीताफळाला फळ धरलं आहे. आपल्याकडे धान निसवत असेल आणि तलावाचं पाणी सोडणं सुरू झालं असेल. म्हणजे तू रोज सकाळपासून पारीवर, तलावाच्या त्या मातीच्या पाळीवर बसलेला असशील, जिथे बाबा बसत.

बाबांचं बसणं तुलाही आठवत असेल. पाण्याचा पंच पारीवर बसला की धानाच्या शेवटच्या तुकड्याला, शेवटच्या बांधीला पाणी पोचेपर्यंत जागचा हलत नाही, ही आपल्या गावाची रीत. पंच दिसेनासा झाला की लोकांना वाटतं, गेला आपल्या बांधीचं तोंड मोठं करायला. बाबा एकदा झुडपाआड जायला उठले, तर खालच्या बांधीतून बकाराम ओरडला होता, "काऊन जी पाटील, कोनाच्या बांधीत पानी पाडाले चालले?" सगळे हसले. बाबाही हसले, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळी पाणी पिणंच सोडलं. पाणी प्यायलंच नाही तर उठायचं कशाला! चाळीस घरांची शेतं भिजवणारा माणूस दिवे लागेपर्यंत कोरड्या घशानं बसे, दर वर्षी, महिना महिना. त्याचं कौतुक व्हायचं. मलाही अभिमान वाटायचा.

ते कसे गेले हे आपण कधी बोललो नाही. लोकांना आपण सांगितलं, उष्णता डोक्यात गेली. खरं असं की तीन दिवस त्यांना लघवी झाली नाही. ओटीपोट घागरीसारखं टणक झालं होतं. मायनं पळसाची वाळलेली फुलं शिजवून त्याचा शेक दिला, वैदूनं गोखरूचा काढा पाजला. सौंदडवरून आगगाडी सुरू होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. दुपारी बसलं की संध्याकाळी गोंदियाचा दवाखाना. पण कुठलं दुखणं आहे हे गाडीत चारचौघांना काय सांगायचं, या विचारात दोन गाड्या गेल्या.

आता माझं एक खोटं सांगते. तीन वर्षांपूर्वी मी मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला म्हणून महिनाभर नागपूरला गेले होते. लग्न नव्हतं. आमच्या शाळेत बायांना जायला जागा नाही, म्हणून मी सकाळी घोटभर पाणी पिऊन जायची ती पाचला घरी येऊनच प्यायची. बारा वर्षं. बाबांचीच लेक! जळजळ सुरू झाली तेव्हा मीही उन्हाळीच म्हटलं आणि धने-जिरे भिजत घातले. दोन दिवस बरं वाटलं. पुढे हुडहुडी भरून ताप आला, कुशीत कळ उठली. इथल्या बाईडॉक्टरांनी मला नागपूरला याच दुखण्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी पोटाचा क्ष-किरण फोटो काढला, मूत्रपिंडातून बोराएवढा खडा काढला. पाठीवर वीतभर व्रण आहे. तो आजवर कुणाला दाखवला नाही.

ते डॉक्टर फार बोलत नाहीत. निघताना मी विचारलं, पुन्हा झालं तर किती दिवस वाट पाहायची? ते म्हणाले, थोडी जळजळ असेल तर भरपूर पाणी प्या आणि दोन दिवस पाहा. पण थंडी वाजून ताप आला, कळ सहन होईना, धार बारीक होत चालली, रात्रीतून चारचारदा उठावं लागलं, तर घरी बसू नका. लघवी अजिबात होईना तर त्याच दिवशी या, दुसरा दिवस नाही. आणि रक्त एकदाही दिसलं, दुखत नसलं, आपोआप थांबलं, तरी या. मी विचारलं, थांबलं म्हणजे बरं झालं ना? ते म्हणाले, "थांबलं म्हणून लोक येत नाहीत, बाई, आणि मग उशिरा येतात."

परवा प्रेमिला नणंदेला दसऱ्याचं सोनं द्यायला म्हणून आली. चहा तसाच खाली ठेवला. मग तुझ्या धोतरांचं सांगितलं. पोळ्यापासून तीनदा. तू तिला म्हणालास, पान खाऊन थुंकलो, त्याचा डाग हाय. ती म्हणाली, "बाई, मानूस पान मागं थुंकते का?" आणि हसता हसता रडायला लागली. तिच्यावर रागावू नकोस, तिला मी विचारून विचारून बोलतं केलं. तुला दुखत नाही हेही तिनं सांगितलं. मला भीती त्याचीच वाटते. येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं गोंदियाला ये. तिथून आपण दोघं नागपूरला जाऊ. पारीवर आठ दिवस तुझ्या जागी गावातल्या टिकारामला बसव. तू लिहिशील, पाणी संपू दे, मग पाहू. ते मी धरूनच चालले आहे. तरीही आणखी एक मागते, जे मानणं तुला त्याहूनही जड जाईल: डॉक्टर विचारतील तेव्हा तू मान खाली घालून "काही नाही" म्हणशील, म्हणून त्या खोलीत मला तुझ्या शेजारी बसू दे, आणि डागांचं मला सांगू दे.

तुझीच थोरली,
शामकला