ऑल्दोनंतर बट नाही

माय,

तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली. तू होतीस तेव्हाही आपण एकमेकींना कधी पत्र लिहिलं नाही. बीडला नोकरी लागल्यावर मी दर पंधरा दिवसांनी यायचे, आणि मधल्या दिवसांत तू फोन करून "जेवलीस का" एवढंच विचारायचीस. माझं उत्तर पुरतं ऐकायच्या आधीच फोन ठेवायचीस. त्यामुळे तुला लांबलचक काही सांगायची सवय मला नाही. पण मागच्या आठवड्यात गावी जाऊन आले, आणि तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही.

तू दहावीला बसलीस ते वर्ष आठवतं? मी तेव्हा केजच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. इंग्रजी घेतलं होतं, आणि आपल्या वस्तीत इंग्रजी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे माझे पाय जमिनीपासून थोडे वरच असायचे. सकाळच्या एसटीनं आपल्या युसूफ वडगावातून केजला जायचं, दुपारच्या एसटीनं परत यायचं. तू अंगणवाडीत मदतनीस होतीस. घरोघर जाऊन पोरं गोळा करायची, पटांगण झाडायचं, खिचडी शिजवायची, कुणाचं नाक पुसायचं, कुणाची चड्डी धुवायची. शिकवायचं काम सेविकाबाईंचं. पण गाणी तुलाच जास्त पाठ होती आणि पोरं तुझ्याच पदराला लटकायची. एक दिवस सुपरवायझर मॅडम जीपमधून उतरल्या, तुझ्या हातातल्या झाडूकडे बघत म्हणाल्या, "सेविकाबाई पुढच्या वर्षी रिटायर होतायत. तुम्ही दहावी पास असता तर ही जागा पहिल्यांदा तुम्हाला मिळाली असती." तुझी शाळा सातवीनंतर लग्नामुळे सुटलेली. संध्याकाळी तू ते आण्णांना सांगितलंस. आण्णा कापसाच्या जिनिंगमधून कामावरून येऊन पाय धूत होते. म्हणाले, "आता ह्या वयात?" तू म्हणालीस, "वयाचं काय. पोरांतच तर बसती मी दिवसभर."

तू बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलास. मराठी, इतिहास तू स्वतःच वाचत होतीस. गणिताला घाबरत नव्हतीस. घाबरायचीस ती इंग्रजीला, आणि इंग्रजी माझ्याकडे आलं. चुलीपाशी तू भाकरी थापतेस आणि पिठाच्या डब्याला टेकवून वही उभी केलेली, असा आपला वर्ग. तुझ्या वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर पिठाचा अंगठा उमटलेला असायचा. दोन वाक्यं जोडा, असा प्रश्न आला की तू अँड लावायचीस. 'आय गेट अप अँड आय ब्रिंग वॉटर अँड आय मेक भाकरी अँड आय गो टू अंगणवाडी.' एका वाक्यात तुझा अख्खा दिवस. मी हसले तर तू तव्यावरची भाकरी उलटवत म्हणालीस, "मला मधी थांबायला कुठं मिळतं?" बिकॉज तुला पहिल्याच दिवशी आलं. 'द चाइल्ड इज क्रायिंग बिकॉज ही इज हंग्री.' हे तू पुस्तकात न बघता लिहिलंस, आणि वर म्हणालीस की हे तर रोजचंच हाय.

अडलीस ती ऑल्दोवर. 'ऑल्दो माय मदर वॉज इल, बट आय वेंट टू स्कूल.' मी लाल पेनानं बट खोडलं. दुसऱ्या दिवशी दुसरं वाक्य, पण बट तिथंच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी सांगायचे की ऑल्दो आलं की बट नको, आणि तू प्रामाणिकपणे मान हलवायचीस, आणि लिहिताना ते तुझ्या हातून पुन्हा यायचं. मग एका संध्याकाळी तू मला विचारलंस, "मला सांग, आपण जरी म्हणलं की फुडं तरी म्हणतोच की न्हाई? जरी पाऊस आला तरी मी गेले. मग हितं तरी कावून सोडायचं?"

"इंग्रजीत नसतं तसं."

"पर कावून?"

आण्णा जेवत होते. मी दिवसभराची दमले होते, हे खरं. पण तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं, हे जास्त खरं. मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. मी फक्त नियम पाठ केला होता. ते कबूल करण्याऐवजी मी वही जमिनीवर टाकली आणि म्हणाले, "तुला न्हाई यायचं ते. तू जन्मभर पोरांची नाकंच पूस."

आण्णांचा हात ताटातच थांबला. तव्यावरची भाकरी करपत होती ती तू उलटवलीस, आण्णांना वाढलीस, मला वाढलीस. वही उचलून पीठ झटकलंस आणि ती पत्र्याच्या पेटीवर ठेवून दिलीस. दुसऱ्या दिवशी मला वाटलं तू काहीतरी बोलशील, मग मीही काहीतरी बोलेन. तू माझा डबा भरून दिलास आणि "गाडी जाईल" म्हणालीस. त्यानंतर तू मला इंग्रजीचं एक अक्षर विचारलं नाहीस. वही पेटीवरून कधी हलते ते मला दिसायचं नाही. मला वाटलं, तू सोडून दिलंस. खोटं कशाला सांगू, मला थोडं सुटल्यासारखंही झालं.

मग दिवाळीनंतरचा एक दिवस. कॉलेजला सुट्टी होती आणि मी दुपारी बाजारातल्या किराणा दुकानात साबण आणायला गेले. तेच दुकान, लिंगायत शेटजींचं, जिथं आपण कायम जायचो. त्यांची सून लातूरकडची, बी.ए. होऊन लग्न करून आलेली. सगळे तिला वहिनीच म्हणायचे. दुकानातली माणसं दुपारी जेवायला गेली की गल्ल्यावर ती बसायची. त्या दिवशी गल्ल्यावर कुणी नव्हतं. मी हाक मारणार तेवढ्यात मागच्या गोदामातून तुझा आवाज आला. तू इंग्रजी वाचत होतीस. पोत्यांच्या मधल्या वाटेतून मला तुम्ही दोघी दिसलात. वहिनी एका पोत्यावर, तू समोरच्या पोत्यावर, तुझ्या मांडीवर वही, आणि दोघींच्या मधे स्टीलचे दोन सारखेच कप, चहाचे. तू तोच प्रश्न विचारलास, तरी कावून सोडायचं.

वहिनी म्हणाल्या, "मावशी, तुमचं चुकत नाही. तुम्ही मराठीत बरोबर बोलता. आपल्याला दोन्हीकडनं बांधायची सवय आहे. एकीकडं जरी, एकीकडं तरी. त्यांना एकीकडनं बांधलं की पुरतं. ह्या पोत्याचं तोंड एकदा शिवलंय ना, परत शिवलं तर काही बिघडत नाही, पण सुतळी वाया जाते. इंग्रजीवाले सुतळी वाचवतात एवढंच."

तू वहीतल्या बटवर बोट ठेवलंस. मग म्हणालीस, "मंजी आपलंच दुहेरी हाय."

"आपलंच दुहेरी."

आणि तू हसलीस, माय. तोंडाला पदर न लावता, डोकं मागं टाकून. माझ्यापुढे शिकताना तू एकदाही तशी हसली नव्हतीस. 'तुमचं चुकत नाही' हे चार महिन्यांत माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. मी आवाज न करता बाहेर आले आणि साबण न घेताच घरी गेले. तू संध्याकाळी विचारलंस तर दुकान बंद होतं म्हणून सांगितलं. तू माझ्याकडे एक क्षण बघितलंस आणि चुलीकडे वळलीस. तुला काय कळलं, काय नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

परीक्षेला केजला मी तुझ्याबरोबर आले. तुझ्या शेजारच्या बाकावर शाळेच्या ड्रेसमधल्या मुली होत्या आणि तू मांजरसुंब्याच्या मावशीनं दिलेली निळी साडी नेसली होतीस. मी फाटकाबाहेर लिंबाखाली तीन तास बसले. पेपर सुटल्यावर तू सगळ्यांत शेवटी बाहेर आलीस. बोटांना शाई लागलेली.

"ऑल्दो आलतं," तू म्हणालीस.

"मग?"

"बट न्हाई लावलं."

तुला इंग्रजीत बेचाळीस पडले. मला अजून तुझं ते मार्कशीट दिसतं. तू ते आण्णांना वाचायला दिलंस, आण्णांनी ते उलटं धरलं आणि तरी बराच वेळ बघत राहिले.

मग ग्रामपंचायतीपुढचा तो सत्कार. सरपंच माइकवर म्हणाले, "लेकरं शिकावीत म्हणून मायबाप झटतात, हितं लेकीनं मायला शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुपरवायझर मॅडमनी एक शाल तुझ्या अंगावर घातली, एक माझ्या. गर्दीच्या मागच्या बाजूला वहिनी उभ्या होत्या, कडेवर लहानगी मुलगी, आणि एका हातानं मुलीच्या पायावर टाळी वाजवत होत्या. मी त्यांना बघितलं. माइक माझ्या हातात दिला होता. दोन शब्द बोल म्हणाले. मला 'वहिनींनी शिकवलं' हे दोन शब्दच बोलायचे होते. मी आभार मानले, आईची जिद्द होती म्हणून जमलं असं काहीतरी म्हणाले, आणि खाली बसले. तू माझ्या शालीचा घसरलेला काठ नीट केलास. परत येताना मी म्हणाले, "मी काय एवढं शिकवलं न्हाई, माय." तू चालता चालता म्हणालीस, "अँड आन् बिकॉज कुणी शिकवलं मग?" तो विषय तू तिथंच संपवलास.

त्यानंतर तू अकरा वर्षं सेविका होतीस. पोरांना 'कम अँड सिट' म्हणायचीस आणि पोरं आधी बसायची, मग यायची. आजारपणाच्या शेवटच्या महिन्यातही अंगणवाडीचं रजिस्टर घरी मागवून बघायचीस. मी इंग्रजीची प्राध्यापक झाले. दर वर्षी अकरावीच्या वर्गात वाक्यं जोडणारे शब्द शिकवायची वेळ आली की मी मुलांना तुझी गोष्ट सांगते. मुलं एरवी पेंगतात, त्या दिवशी जागी असतात. मी सांगते की माझ्या आईनं दहावीला मला विचारलं, तरी का सोडायचं, आणि मग मी तिला पोत्याची आणि सुतळीची गोष्ट सांगितली. मी सांगितली, असंच म्हणते. वहिनींचं वाक्य न वाक्य मी माझ्या नावावर वापरते. त्यावर महिला दिनाला भाषणही केलंय. ऐकून एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मागच्या आठवड्यात आण्णांकडे गेले होते. ते बरे आहेत, ऐकू कमी येतं. घरात चहापत्ती संपली होती म्हणून मी बाजारात गेले. दुकान आता मोठं झालंय, पुढं काचेचं कपाट आहे. गल्ल्यावर वहिनी होत्या. केस पांढरे, चष्मा. मला ओळखायला त्यांना क्षणभरही लागला नाही. मला आत बोलावलं, स्टूल दिलं. कडेवरची ती मुलगी आता पुण्यात आहे म्हणाल्या. मग तुझी आठवण काढली. "मावशींसारखी शिकणारी बाई मी नाही बघितली," म्हणाल्या. दुकानात कुणी नव्हतं, माय. आम्ही दोघीच होतो. मी ठरवलं, आता सांगायचं. मी म्हणाले, "वहिनी, तिच्या इंग्रजीचं..." आणि त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. गल्ल्यावरचा कागद सारखा करत म्हणाल्या, "तुम्हीच तर शिकवलंत त्यांना. सगळ्या गावाला माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं असतं तर कदाचित मी बोलले असते. त्या कागदाकडे बघत राहिल्या. तेव्हा मला कळलं की तू त्यांना कधीतरी सांगून ठेवलं असणार. पोरीचं नाव झालंय, ते राहू द्या, असं काहीतरी, तुझ्या पद्धतीनं. आणि त्या बाईनं इतकी वर्षं, तुझ्यामागंही, तुझा शब्द पाळला. मला काय बोलायला हवं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं.

मी "हो" म्हणाले. चहापत्ती घेतली आणि निघाले.

बीडला येऊन चार दिवस झाले. आज दुपारी कागद घेऊन बसले ती वहिनींना लिहायला. त्यांचा पत्ता अवघड नाही. दुकानाचं नाव आणि गाव टाकलं की पोस्टमन आणून देईल. वरती 'प्रिय वहिनी' लिहिलं, खोडलं, आणि तुझ्याशी बोलत बसले. तुला लिहिणं सोपं गेलं, माय. वहिनींना लिहिलेलं पोचलं असतं.