त्याला दोन वर्षं द्या

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आई म्हणते आता सोड, पण इथला, अमेरिकेतल्या कॅरी गावातला तो एक शनिवार काही केल्या डोक्यातून जात नाही.

दोन हजार दोनचा उन्हाळा. आईच्या गुडघ्यांमुळे तुम्ही एकटेच आला होतात. मी दिवसभर ऑफिसात आणि तुम्ही बाल्कनीत खुर्ची टाकून पार्किंग लॉट बघत बसलेले. खडकीत तीस वर्षं हॉकी शिकवलेल्या माणसाला निदान बर्फावरची हॉकी दाखवावी, म्हणून मी तुम्हाला आमच्या इथल्या व्यावसायिक संघाच्या नव्या मुलांच्या सरावाला घेऊन गेले. इथे दर उन्हाळ्यात संघ अठरा वर्षांची पोरं पाळीपाळीनं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात, आणि कोण पुढे चमकेल, कोण वाया जाईल यावर चाहते वर्षभर एकमेकांची डोकी खातात. ऑफिसात लंचच्या टेबलावर त्यात सगळ्यात कडवट मी असायचे. रिंकमध्ये ऑफिसातल्या टेस्टिंग विभागातला माझा टकला सहकारी आधीच येऊन बसला होता. तुम्ही माझं जॅकेट घातलेलं, बाह्या मनगटाच्या वर, आणि तुमची नजर बर्फावरच्या पायांवर. पहिल्या फेरीत घेतलेला उंच बचावपटू वळताना दोनदा पडला आणि आम्ही दोघं सुटलो. "फुकट घालवली निवड," तो म्हणाला. मी म्हटलं, "याला घरी पाठवा. याच्यात दम नाही." बोलले मी, पण शब्द तुमचे होते, आणि तुम्हाला ते ओळखूही आले नाहीत. सहकाऱ्यानं कौतुकानं तुम्हाला विचारलं, "सर, तुम्ही कोच होतात ना? तुम्हाला काय वाटतं?" तुम्ही तुमच्या शाळेतल्या इंग्रजीत सावकाश म्हणालात, "गिव्ह हिम टू इयर्स. ही इज ओन्ली अ बॉय." मग मराठीत, माझ्याकडे वळून, "पास यायच्या आधी मान वर करतो बघ. पाय नंतर येतात. मुलांना वेळ द्यावा लागतो."

मुलांना वेळ. मी चौदा वर्षांची आहे, जिल्ह्याच्या हॉकी संघासाठी मुलींची निवड चाललीय, आणि निवडणारे तुम्ही आहात. मैदानावर तुम्हाला सर म्हणायचं, असा तुमचा नियम. चाळीस मिनिटं खेळवून तुम्ही सोळा नावं वाचता. सोळावं नाव संपतं आणि तुम्ही कागदाची घडी घालता. रात्री स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटतेय, मी ताटाला हात लावत नाही, आणि तुम्ही आमटी ओरपत म्हणता, "अभ्यास कर. तुझ्यात तो दम नाही." दुसऱ्या आठवड्यात माझ्या हातातली शाळेची स्टिक तुम्ही दुसऱ्या मुलीला देता. सगळ्यांसमोर.

त्या शनिवारी रिंकवरून परतताना गाडीत मी विचारलं, "त्या परक्या पोराला दोन वर्षं, आणि मला चाळीस मिनिटं?"

तुम्ही सीटबेल्टशी चाळा करत होतात. "तू माझी मुलगी होतीस."

"म्हणून?"

"घेतलं असतं तर लोक काय म्हणाले असते?"

"म्हणजे मी चांगली खेळत होते?"

तुम्ही खिडकीची काच खाली घेतलीत. मी दोनदा विचारलं. नंतर ओरडले, "लोकांच्या तोंडासाठी पोरीला मारलंत तुम्ही!" उरलेले तीन आठवडे आपण साखर आणि टीव्हीच्या रिमोटपुरते बोललो. एअरपोर्टवर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि मी मान बाजूला केली. पुढच्या मार्चमध्ये तुम्ही गेलात.

त्या बचावपटूचं सांगते. तुमचं चुकलं. संघानं त्याला तीन वर्षांनी सोडून दिलं, आणि मी त्या दिवशी इंटरनेटवरच्या चाहत्यांच्या बोर्डावर लिहिलं, मी आधीच सांगितलं होतं. लिहून बरं वाटलं. तुमच्याबद्दलही मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगत आले. नवऱ्याला, मैत्रिणींना, आईलाही. बापानं स्वतःच्या नावासाठी मला डावललं, नाहीतर मी राज्याकडून खेळले असते. ऐकणारे तुम्हाला शिव्या घालतात. मी घालू देते.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. आईला तर नाहीच, कारण पुढचं तिलाही ठाऊक नाही. त्या चाळीस मिनिटांत चेंडू जोरात अंगावर आला की मी डोळे मिटत होते. दर वेळी. बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुमच्या आलं होतं. तिसऱ्या वेळी मी डोळे उघडले तेव्हा तुम्ही थेट माझ्याकडे बघत होतात.