पेला पुसायचा न्हाय

आप्पा, तुमच्यावर दोन पानं लिहून द्या म्हणून पाळकसाहेब पंधरा दिवस माझ्या मागं लागलेत. चर्चची स्मरणिका निघणार आहे. जुन्या पंचांचे फोटो आणि खाली त्यांच्या मुलाबाळांनी लिहिलेल्या आठवणी, असं काहीतरी ठरलंय. "सिस्टर, जास्त डोकं चालवू नका. वडील किती प्रार्थनाशील होते, मंडळीसाठी किती झिजले, एवढं लिहा, बास," म्हणाले. वर तुमच्या फोटोखाली काय छापणार तेही वाचून दाखवलं: प्रभूभोजनात स्वच्छतेची नवी पद्धत सुरू करणारे. माझं डोकंच फिरलं. हे छापणार असाल तर माझ्याकडनं एक ओळ मिळणार नाही, असं तोंडावर सांगितलं. ते बिचारे चहा अर्धा टाकून गेले, आणि त्यांनीच ठेवलेल्या कोऱ्या कागदांवर मी आता तुम्हाला लिहायला बसलेय. तुम्ही जाऊन नऊ-दहा वर्षं होत आली. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मी भांडणार आहे.

आधी तुमच्या बाजूचं सगळं सांगून टाकते, म्हणजे नंतर कुरकुर नको. राजारामपुरीतलं आपलं दुकान, दोन मशिनी, भिंतीला टांगलेली खडूच्या खुणांची मापं, आणि शिवलेल्या प्रत्येक कपड्याबरोबर सुतळीनं बांधून परत दिलेली उरलेल्या कापडाची गुंडाळी. सगळ्या गल्लीत तुम्ही एकटेच चिंध्या परत करणारे शिंपी. गिऱ्हाईकं हसायची. मी तिसरीत होते तेव्हा एका शाळेतल्या बाईंच्या मोरपंखी ब्लाउजचा हातभर तुकडा मी बाहुलीच्या झग्यासाठी उचलला होता. झगा शिवूनही झाला होता हो, बाहुलीच्या अंगात घातला होता! तुम्ही माझं बखोट धरून त्या बाईंच्या घरी नेलंत. त्या म्हणाल्या, "राहू दे की हो, पोरगी आहे." तुम्ही म्हणालात, "न्हाय बाई. तिनं आदी इचारायला पायजे हुतं." बाहुली उघडी घेऊन मी रडत घरी आले. वाटेत तुम्ही एवढंच बोललात, "रविवारी हात जोडायचे आन सोमवारी दुसऱ्याच्या कापडाला हात लावायचा, मग त्या रविवारला काय अर्थ ऱ्हायला?" मला तेव्हा तुमचा एवढा राग आला होता की काय सांगू.

पण तेच तुम्ही मी नर्सिंगला लागले तेव्हा पहिला युनिफॉर्म स्वतः शिवून दिलात. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीत. आत दोन बोटं माया ठेवली, अंगानं भरलीस तर उसवून घे म्हणालात. खिसे खोल. त्यातल्या एका खिशात बायबलमधला छोटा नवा करार आधीच घालून ठेवला होता, आणि देताना म्हणालात, "ह्यो खिशात ऱ्हाऊ दे. वॉर्डात वाचत बसू नगो. वॉर्डात हात चालव." हे वाक्य मी आज शिकाऊ पोरींना सांगते. कुणाचं म्हणून सांगत नाही.

आता भांडणाचं. आपल्या चर्चमध्ये प्रभूभोजनाला द्राक्षरसाचा एकच पेला हातोहात पुढं जायचा. चांदीचा, बुडाशी जरा चेपलेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी पुढं जाऊन ओळीनं गुडघे टेकायचे, एक घोट घ्यायचा आणि शेजारच्याच्या हातात द्यायचा. मध्ये पुसायचा नाही, फिरवायचा नाही, हा दंडक. बाहेरचा कुणी पाहुणा रुमाल काढायला लागला की तुम्ही त्याचा हात धरायचा, "पावणं, हितं पुसत न्हाईत." आणि घरी आम्हाला आज्ज्याची गोष्ट. गावात त्याला पाणी वरनं ओंजळीत ओतायचे, भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. चर्चमध्ये पहिल्यांदा त्याच्या हातात कुणीतरी आपल्या तोंडचा पेला दिला तेव्हा तो प्यायलाच नाही म्हणे, नुसता धरून बसला. पाळकानं दोनदा सांगितलं तेव्हा प्यायला. ही गोष्ट सांगताना तुम्ही दरवेळी रिकामे हात पेला धरल्यासारखे पुढं करायचात. लहानपणी मला वाटायचं, आपला धर्म म्हणजे हेच: पेला पुसायचा नाही.

मग आजऱ्याची आली. आजऱ्याला दिलेली, म्हणून तिला आपण सगळे असंच म्हणायचो. माहेर आपल्याच मंडळीतलं, आधी काजूच्या कारखान्यात जायची, नवरा ट्रक चालवायचा. तो गेला तो त्याच रोगानं, ज्याचं नाव तेव्हा डॉक्टरसुद्धा हळू आवाजात घ्यायचे. तिलाही लागण झालेली. सासरच्यांनी आधी तिचं ताट वेगळं केलं, मग तांब्या, मग पडवीत अंथरूण, मग एस.टी.त बसवून दिलं. माझ्या वॉर्डात महिनाभर होती. तिला घेऊन मी तुमच्या दुकानात आले. मी सगळं सांगितलं, तुम्ही चष्म्यावरनं बघितलंत आणि तिला म्हणालात, "काज-बटण येतंय का? न्हाय? मग शिकशील." दुपारी डबा उघडून मधे ठेवलात. तिनं आपला डबा कोपऱ्यात नेला तर ओरडलात, "हितं ये की! भाजी काय कोपऱ्यात चांगली लागती व्हय?" आप्पा, त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला होता. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

सरकारी दवाखान्यातल्या तिच्या रांगेत आपल्यातल्याच कुणीतरी तिला बघितलं, आणि आठ दिवसांत सगळ्या मंडळीला कळलं. त्या शनिवारी संध्याकाळी पंच आपल्या घरी. मी स्वयंपाकघरात चहा टाकलेला. आल्याचा तुकडा ठेचताना मला एकेक शब्द ऐकू येतोय. एक म्हणतो, "उपासनेला येऊ दे, पन पेल्याला नगो." दुसरा म्हणतो, "माज्या घरात ल्हान पोरं हाईत." तिसरा म्हणतो, ती पुढं गेली तर आमची चार घरं उठून जातील. मी वाट बघतेय की आता तुम्ही आज्ज्याची गोष्ट काढाल. आता काढाल. चहा उतू गेला तरी मी वाट बघतेय. आणि तुम्ही खाकरून म्हणता, "तिला एकटीला कशाला सांगायचं? वाईट दिसतंय. त्यापेक्षा समद्यांनाच बारके ग्लास आनू. हल्ली कावीळ हाय, सर्दी-पडसं हाय. स्वच्छता म्हनून सांगू." सगळ्यांचे चेहरे असे खुलले म्हणता! मी ट्रे घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांच्या पुढ्यात आदळला. "स्वच्छता न्हवं, तिला भ्यालाय म्हणून सांगा की सरळ! पेल्यानं हा रोग होत नाही. मी रोज वॉर्डात हेच शिकवते." तुम्ही वर न बघता म्हणालात, "पंचांच्या बैठकीत बाईमानसानं बोलायचं न्हाय. आत जा." मी आत गेले नाही. तिथंच उभी राहिले, सगळ्यांचा चहा गार होईपर्यंत.

ग्लास यायला वेळ होता, म्हणून दुसऱ्या दिवशीचा पहिला रविवार जुन्याच पेल्याचा. ती पुढं गेली आणि बायकांच्या बाजूनं कुणी हललं नाही. गाणं चाललंय, पेटी वाजतेय, आणि ती एकटी गुडघ्यावर. शेजारची जागा मोकळी. ती मागं वळून बघत नव्हती, पण तिचे कान मागं होते, हे मला गायनमंडळातनं दिसत होतं. मी वही पेटीवर टाकली आणि खाली उतरून तिच्या शेजारी गुडघे टेकले. पाळकांनी पेला तिला दिला. ती प्यायली, दोन्ही हातांनी माझ्याकडं दिला. मी प्याले. भाकरीची थाळी घेऊन तुम्ही हातभर अंतरावर उभे होता. माझ्यानंतर दोन-तीन म्हाताऱ्या आल्या, त्यांना कशाचीच भीती उरली नव्हती. बाकी सगळे बाकावरच.

उपासना संपल्यावर मी आतल्या खोलीच्या दारात आले. उरलेला द्राक्षरस टाकायचा नसतो, पंचांनी प्यायचा असतो. एरवी दोघं-तिघं असायचे, त्या दिवशी तुम्ही एकटेच. निम्म्याहून जास्त भरलेला पेला तुम्ही उचललात आणि एका दमात शेवटच्या थेंबापर्यंत प्यालात. मग माझ्याकडं लक्ष गेलं. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "समद्यांच्या देखत करायची गरज हुती व्हय?" आणि विचारताना माझ्या तोंडाकडं नाही, माझ्या हाताकडं बघत होता. मी ओरडले, "व्हय, हुती! तुमी केलं असतं तर मला करायला लागलं नसतं!" तुम्ही चष्मा काढून खिशात ठेवलात. मग म्हणालात, "बरं. चा टाक."

पुढच्या महिन्यात ग्लास आले. भोकाभोकाचा ट्रे, त्यात ओळीनं औषधाच्या मापाएवढे ग्लास, उचलला की किणकिण. आजऱ्याचीनं आपला ग्लास उलटासुलटा करून बघितला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "ताई, सासरी माझा एकटीचाच तांब्या येगळा हुता. हितं माझ्यापायी समद्यांचाच येगळा केला. मोठ्या मनाची मानसं की हो तुमची!" आणि खो खो हसली. मी ते जसंच्या तसं दुकानात येऊन तुम्हाला सांगितलं. तुमची मशीन थांबली. "ते तिला भाईर काडत हुते," तुम्ही म्हणालात. "मी आत ठेवली." मी म्हटलं, "ग्लास देऊन?" तुम्ही म्हणालात, "व्हय. ग्लास देऊन." आणि परत पायडल मारायला लागलात. दोन वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा शवपेटीत तुमच्या अंगात घातलेल्या सदऱ्याची काजं तिनं केली होती. एकही टाका वाकडा नव्हता.

तर ऐका. मी अजूनही म्हणते, तुम्ही चुकलात. एकट्यानं पेला रिकामा करणारा माणूस चार पंचांपुढं खाकरतो आणि कावीळ, सर्दी-पडसं काढतो, हे मला तेव्हा पटलं नाही, आज पटत नाही, आणि वर गाठ पडली तर तिथंही पटणार नाही. दुकानात तुम्ही देवाचे, आणि बैठकीत बसलात की नुसते पंच. बाहुलीचा झगा परत करायला लावणारा माणूस स्वच्छतेच्या नावाखाली एवढं मोठं खोटं पांघरून बसला, आणि आता तेच तुमच्या फोटोखाली छापणार! नाही छापू देणार. मी आता स्वतः पंच आहे, बाईमाणूस असून. पेला कपाटातनं काढा, हे मी दर बैठकीत मांडते, आणि दर बैठकीत ते पुढच्या बैठकीवर टाकतात. टाकू देत. माझी खुर्ची कुठं पळत नाही.

पण एक राहिलं. आजऱ्याची जिवंत आहे, आप्पा. औषधं आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, ती अंगानं चांगली भरलीय. आता ती माझ्याच वॉर्डात नव्या पेशंटांना धीर द्यायच्या कामावर आहे. नवीन बाया येतात, रडतात, घरच्यांनी ताट वेगळं केलं म्हणतात, तेव्हा ती त्यांना जवळ बसवून माझ्याकडं बोट दाखवते. "ह्या ताई बगा. समदं चर्च बसून ऱ्हायलं, आन ह्यांनी माझ्या तोंडचा पेला तसाच तोंडाला लावला. पुसला बी न्हाय." त्या बाया माझ्याकडं बघतात आणि त्यांचं रडं थांबतं. मी हातातल्या केसपेपरात बघत उभी राहते.

मी पेला फिरवला होता. तिच्या हातातनं घेता घेता, पाव वळसा. आणि अंगठ्यानं कड पुसली होती. आदल्या दिवशी पंचांच्या पुढ्यात ट्रे आदळणारी मी. ती तेव्हा डोळे मिटून होती. तुम्ही उघडे ठेवून होता. तुम्ही बघितलंत, आत जाऊन उरलेला सगळा प्यालात, आणि मी तुमच्यावर एवढी ओरडले तरी मरेपर्यंत ते माझ्या तोंडावर मारलं नाहीत. हे कागद पाळकसाहेबांना द्यायचे नाहीत, आणि तुम्हाला पोचवायची सोय नाही. खरं तर तुम्हाला यातलं काहीच नवीन नाही. सांगायचं आहे ते तिला, ती रोज सकाळी नऊला माझ्या टेबलासमोर येऊन बसते, आणि मी तिला अजून सांगितलेलं नाही.