वरच्या मजल्यावरचं माहेर

आत्या, आज तुला तू म्हणते आहे. लग्नाच्या दिवसापासून तू जाईपर्यंत तुला 'अहो आत्याबाई' म्हणत आले, आणि ती सवय इतकी अंगात मुरली की तू गेल्यावर तुझ्या फोटोसमोर बोलतानाही मी खांद्यावर नसलेला पदर सावरायची. पण हे लिहायला बसले तर 'तुम्ही' लिहून पेन पुढे सरकेना. आईपाठोपाठ बाबाही गेल्यावर जिने मला अकराव्या वर्षी नागपूरहून आणलं, विमानात माझ्या कानात कापूस घातला आणि लंडनमधल्या ईलिंगच्या थंडीत स्वतःचा कोट माझ्यावर टाकला, ती तू होतीस. तुम्ही नंतर आलात.

घर तसंच आहे. खाली दवाखाना, ज्याला इथे सगळे सर्जरी म्हणतात, आणि वर आपण. आतोबा मी यायच्या आधीच गेले होते. खाली त्यांच्या खुर्चीत तू बसायचीस, आणि नवीन पेशंट आत आला की तुझ्या मागे कुणी पुरुष डॉक्टर दिसतोय का ते बघायचा. रविवारी दवाखाना बंद असायचा, मग तू, मी आणि तुझा मुलगा ट्रेनने म्युझियमला जायचो. बाकीचे लोक ममीभोवती गर्दी करायचे, तू मात्र इजिप्तच्या राजाराण्यांच्या पुतळ्यांपुढे उभी राहून कोण कुणाचं कोण ते लावत बसायचीस, एखाद्या लग्नात वधूपक्षाकडचे कोण ते शोधावं तशी. परत येताना पोटात कावळे ओरडत असायचे आणि तू घरी आल्यावर स्वयंपाक करायचा सोडून ओट्यावर घराणं मांडायचीस. राजे म्हणजे बटाटे, राण्या म्हणजे कांदे. हा मोठा बटाटा पहिला थुटमोस. हा कांदा त्याची पट्टराणी. त्यांची मुलगी हॅटशेपसुट, तिच्यासाठी तू बीट काढायचीस, कारण ती पुढे राणीची राजा झाली, दाढीसुद्धा लावली. "मला निदान स्टेथोस्कोपवर भागतं," म्हणायचीस. मग एक मऊ पडलेला बटाटा, दुसरा थुटमोस, बिटाचा सावत्र भाऊ आणि नवराही. तो लवकर मेला की टोपलीत परत. राहिला त्याचा दुसऱ्या बायकोचा मुलगा, तिसरा थुटमोस, अगदी बारका, सालासकट रश्शात टाकतात तसला.

"आता सांग, ही ह्याची कोण?"

"सावत्र आई."

"आणखी?"

मी बोटं मोजते, बिटाकडे बघते, मऊ बटाट्याकडे बघते. ह्याच्या बापाची ती बहीण. "आत्या!" मी ओरडते, आणि तू टाळी देतेस. "इंग्लिशमध्ये सांगून दाखव बघू हे! ह्यांनी आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या एका आंटीत कोंबून ठेवल्यात." त्या इजिप्तच्या लोकांकडेही नात्यांचे शब्द थोडेच होते, लाडाने बायकोलाही ते बहीण म्हणायचे, हे तूच मला सांगितलंस. मी विचारलं होतं, राजे बहिणींशीच लग्न का करायचे. तू बीट धुता धुता म्हणालीस, "बाहेरची आणली की तिचा बाप, तिचे भाऊ, सगळे गादीवर डोळा ठेवून दारात. घरची असली की गादी घरात." तुझ्या आवाजात त्या लोकांबद्दल जरासुद्धा नवल नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं नाही, मी भुकेली होते.

पहिल्याच वर्षीची राखी आठवते? नागपूरला मी शेजारच्या मुलाला बांधायची. इथे शाळेत कुणाला काही माहीत नाही, घरात एकच मुलगा, म्हणून मी तुझ्या कपाटातली लाल लोकर वळून राखी केली आणि सकाळी स्वयंपाकघरात त्याच्या मनगटावर बांधली. तो बिचारा हात पुढे करून बसला होता, तोंडात टोस्ट. तू खालून वर आलीस, बघितलंस, आणि ड्रेसिंगची कात्री आणून ती कापलीस. रागावली नव्हतीस. जखमेचे टाके काढावेत इतक्या अलगद कापलीस. "ह्याला नको बांधूस," म्हणालीस. "हा तुझा भाऊ नाही." मी विचारलं, मग कोण? "आतेभाऊ," म्हणालीस आणि लोकर कचऱ्यात टाकलीस. मला वाटलं, इंग्लंडमध्ये असं काहीतरी असेल.

तुझ्याच नादाने मला त्या चित्रलिपीचं वेड लागलं आणि केंब्रिजला ती शिकायला प्रवेश मिळाला. तू सगळ्या पेशंटना सांगितलंस, पेढे वाटलेस. आठवड्याभराने पोळ्या लाटताना म्हणालीस, "इतकं लांब कशाला? हौसेला म्युझियम आहे ना रविवारी. इथलंच कॉलेज कर, मला रिसेप्शनला माणूस हवंय." मी हो म्हटलं. कॉलेज संपलं, तुझा मुलगा डॉक्टर झाला, आणि लग्नाचंही असंच पोळपाटाशी ठरलं. भाचीला सून करून घेणं आपल्याकडे किती घरांत चालतं, सगळे खूश होते, नागपूरहून कौतुकाचे फोन आले. तो वाईट नव्हता, आत्या. आजही नाही. फक्त ज्याच्याशी मी शेवटच्या बिस्किटावरून भांडायचे तो एका दुपारी माझा नवरा झाला. नाही कुणाला म्हणायचं? मुलीने जिच्याकडे जाऊन रडावं अशी माझी एकच होती, आणि मागणी तिनेच घातली होती. त्या संध्याकाळी तू मला जवळ घेतलंस आणि म्हणालीस, "आता चारचौघांत तू नको म्हणूस हं. आत्याबाई म्हण." शब्द आपलाच, जुन्या घरांत सगळ्याच सुना सासूला म्हणतात. मला तो ऐकून दाराला कडी लागल्यासारखं झालं.

लग्नाला वर्षही झालं नसेल, एकदा मी तुझ्याशी खूप भांडले. रिसेप्शन सोडते म्हटलं, केंब्रिजला पुन्हा अर्ज करते म्हटलं, आणि तिरीमिरीत बॅग भरली. बॅग भरल्यावर कळलं की जायला जागा नाही. बायका चिडून माहेरी जातात, माझं माहेर म्हणजे एक जिना वर. मग गेले. माळ्याखालच्या माझ्या जुन्या खोलीत, सिंगल बेडवर, बॅग मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळाने तू चहा घेऊन आलीस, शेजारी बसलीस, माझ्या केसांतून हात फिरवलास. "माहेरी आलीस? बरं केलंस. चार घास खा, झोप. उद्या सासरी जा." आपण दोघी हसलो, खरंच हसलो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग घेऊन खाली आले आणि रिसेप्शनचा फोन घेतला. तो अजून घेते आहे.

मला तुझा राग येतो, हे आज लिहून टाकते. तू दुष्ट असतीस तर मी कधीच गेले असते. तू माझे ताप काढलेस, माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागलीस, तुझ्या शेवटच्या आजारात 'मुली' म्हणून हाक मारलीस, 'सूनबाई' नाही. अशा माणसाच्या तावडीतून कसं सुटतात ते कुणी शिकवत नाही.

आता कशासाठी लिहिते ते सांगते. तुझ्या मुलाचा हात कापायला लागलाय. कप धरताना दिसतं, पेशंटसमोर तो टेबलाखाली ठेवतो. आमची लेक, तू गेलीस तेव्हा शाळेत होती ती, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये लहान मुलांची डॉक्टर आहे आणि तिथे रमली आहे. त्याने तिला सांगितलं, परत ये, आजीची सर्जरी घे. मला म्हणाला, "ती आली तर आपण सुटलो. तुझ्या केंब्रिजला एखादा फ्लॅट घेऊ, जा तू तुझ्या क्लासला. नाही आली तर हात चालतोय तोवर मी बसणार. आईने सांभाळलेलं मी परक्याला देणार नाही." तो बसणार म्हणजे मीही बसणार, समोरच्या काउंटरला. हे त्याने म्हटलं नाही, म्हणायची गरजही नव्हती. एवढ्या वर्षांनी दार दिसलं, आणि त्याची किल्ली माझ्या मुलीच्या गळ्यात.

रविवारी तिचा फोन आला. मी बटाटे सोलत होते, हसू नकोस, खरंच सोलत होते.

"आई, डॅडला काय सांगू? त्याचा आवाज ऐकला की मला नो म्हणताच येत नाही. आजीचा खुर्ची, आजीचा पेशंट्स, सगळा माझ्यावर."

"आजीची खुर्ची," मी म्हटलं.

"ओके, आजीची. आई, प्लीज, तू सांग ना. मला इथे खूप आवडतं. पण तू म्हणालीस तर मी येईन. प्रॉमिस. तू जस्ट सांग, येऊ का नको?"

तू म्हणालीस तर येईन. आत्या, अगदी माझाच आवाज होता तो, पोळपाटापाशी उभ्या असलेल्या मुलीचा. तेव्हा मला तुझी ती राणी आठवली. तिचे चेहरे नंतर भिंतीभिंतींवरून छिन्नीने खरवडून काढले. त्या बारक्या बटाट्याने मोठा होऊन सूड घेतला, असं तू सांगायचीस. आता म्हणतात, ते काम तिच्या मरणानंतर खूप वर्षांनी झालं, बहुधा रागाने नव्हेच, आपल्या मुलाच्या वारशाला अडचण नको म्हणून. म्हणजे पोराच्या मायेपोटी. मायेपोटी काय काय कापता येतं ते मला माहीत आहे, मी ती लाल लोकर कचऱ्यात पडलेली बघितली आहे.

"येऊ नकोस," मी म्हटलं. "सणाला ये, आमच्याशी भांडायला ये, रडायला ये. इथे कामाला आलीस तर चिडून यायला तुला घर उरणार नाही."

तिला सगळं कळलं की नाही कोण जाणे. मग म्हणाली, "शुअर, आई?"

"शुअर."

ती रडली, थँक यू म्हणाली, फोन ठेवला. तुझ्या मुलाला मी रात्रीच्या जेवणाला सांगितलं. तो दोन्ही हातांनी ग्लास धरून पाणी प्यायला आणि सोमवारी वेळेवर खाली जाऊन तुझ्या खुर्चीत बसला. मी काउंटर उघडला. आता जेवणाच्या सुट्टीत वर येऊन त्या सिंगल बेडवर बसून हे लिहिते आहे. खाली फोन वाजतोय, जायला हवं.

एक राहिलं. तिने 'शुअर?' म्हणून विचारलं, तेव्हा मी लगेच बोलले नव्हते. आणि तिने आणखी एकदा विचारलं असतं ना आत्या, तर मी 'ये' म्हटलं असतं.