विंगेतला श्वास

ताई,

काल ऐन वेळी तुझा घसा बसला, तेव्हा दिग्दर्शकांनी तोडगा काढला: रंगमंचावर थोरलीनं नुसता अभिनय करायचा आणि धाकटीनं विंगेतून गायचं. मी मनातून धुसफुसले. इतकी वर्षं तुझी बदली म्हणून ताटकळले, आणि ऑपेरात गायला मिळालं तेही अंधारात! आवाज माझा, टाळ्या तुला.

तू जिथे श्वास घेतेस तिथेच मीही घ्यायचा, असं ठरलं होतं. नाहीतर तुझे ओठ एकीकडे आणि माझा आवाज भलतीकडे गेला असता. शेवटच्या गाण्यापर्यंत नीट निभावलं. मग जित्याची खोड! तुझ्या नव्हे, माझ्या नेहमीच्या जागी मी श्वास घेतला.

पण त्याच क्षणी श्वास घेताना तुझेही खांदे वर झाले.

ताई, ती जागा तुला कशी ठाऊक? मी घरी रियाजाला बसले की तू तुझ्या खोलीचं दार लावून घेतेस. माझं गाणं तुला नकोसं होतं, असंच मी समजत आले.

हे पत्र काही पाठवत नाही, डोक्यावर बसशील. उद्या रियाजाला बसताना माझं दार तेवढं उघडं ठेवते.

तुझी,
विंगेतली धाकटी