ह्यांचा नवा आवाज

३ मार्च, मंगळवार
जुना कॉम्प्युटर पुसून कोरा केला! सुनेने त्यात नवी सिस्टीम टाकली. जुनीवर ते बोलायचं सॉफ्टवेअर चालत नव्हतं म्हणे. झटका आला तेव्हा ह्यांची वाचा गेली, उजवा हातही गेला. आता डाव्या हाताने माउस फिरवायचा, पडद्यावरचा चौकोन दाबायचा, की मशीन बोलणार.
जन्मभर मी बोलले, ह्यांनी ऐकलं. आता मला ऐकावं लागणार. बघू.

४ मार्च
पासवर्ड काढून टाकला. अक्षरं मोठी केली, बाण जाडजूड. मागे समुद्राचं चित्र आलं होतं, तेही काढायला लावलं. त्या निळ्यात चौकोन दिसेनात!
सून म्हणाली, "आई, तुम्ही नुसत्या बघा हो."
बघतेच आहे. तोंड मिटून बघायला मला कोणी शिकवलंय?

५ मार्च
आवाज निवडला. पहिली बाई भलतीच गोड. म्हटलं, ही पाणी मागणार की लग्नाचं आमंत्रण देणार? दुसरा बाप्या घाईत, गाडी सुटल्यासारखा. तिसरा जरा भारदस्त, त्याचा वेग कमी केला. ह्यांनी मान हलवली.
ह्यांचा खरा आवाज चिरका होता. लिहून ठेवते. आत्ताच नीट आठवेना झालाय.

७ मार्च
चौकोन भरले. मी सांगत गेले, सून लिहीत गेली. पाणी. चहा. औषध. लघवीला. कूस बदला. पंखा लावा. हो. डॉक्टरांना बोलवा.
"बाबांना विचारू या ना?"
"त्यांना काय विचारतेस? त्यांना काय हवं ते मीच सांगत आलेय."
मानेतल्या शिरेचं ऑपरेशन सोमवारी, १६ तारखेला. नाही केलं तर दुसरा झटका कधीही येईल, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही सगळे हो म्हणालो.

१० मार्च
हे बोलले! "पाणी." दिलं, तर तोंड फिरवलं. परत "पाणी." परत दिलं. पेला ढकलून दिला, चादर भिजली. मी ओरडले — मशीन मिळालं म्हणून छळताय काय मला!

१२ मार्च
लेक म्हणाला, "बाबा, सोमवारी निघायचं हं." हे बाण नुसता फिरवत राहिले. वर, खाली, कुठे थांबेचना. शेवटी मीच पडद्यासमोर बसले. एकेक चौकोन बोट ठेवून वाचला.
सगळं होतं. "नको" नव्हतं.
मला सुचलंच नाही.

१३ मार्च
सुनेने "नको" घातलं. लेकाने सोमवारचं पुन्हा विचारलं.
"नको."
बोट घसरलं असेल, मी म्हटलं. "नको." समजावलं. रागावले. दुसऱ्या झटक्याची भीती घातली. माझं काय, तेही विचारून झालं. "नको." तोच भारदस्त आवाज, तोच वेग. ना चिडला, ना थकला.
मी आवाज बंद केला.
हे दाबत राहिले. टक. टक.

१४ मार्च
सुनेने विचारलं, बाबा आज गप्प का? म्हटलं, मशीन बिघडलंय.

१५ मार्च, रविवार
आवाज चालू केला. मग लेकाला म्हटलं, दवाखान्यात कळव — उद्या येत नाही.