पाटावरचं पिस्तूल आणि सीमाचं घर

पूजेच्या पाटावर माझ्या नवऱ्याच्या हातोड्यांशेजारी मुलानं पिस्तूल ठेवलं आणि मला विचारलं नाही, ही माझी पहिली तक्रार. ती आधी लिहून घेते, कारण एकदा कायद्याची भाषा सुरू झाली की माणसाचं रागवायचं राहून जातं. आता वाचणाऱ्या सगळ्यांना नमस्कार.

मी, यमुना पुरुषोत्तम तांबट, वय एक्याऐंशी, राहणार रीडिंग, इंग्लंड, शिक्षण मराठी चौथी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी मला वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावले. ते म्हणून झाल्यावर मी फाल्गुनापासून मागे यायला लागले, तेव्हा त्यांनी थांबवलं. मला कोणी धाक दाखवलेला नाही. धाक दाखवायचं सामान घरात आहे, पण ते अडकतं.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात सगळं माझा मुलगा उदय याला होतं. ते रद्द समजावं. का, ते पुढे येईल. याचं इंग्रजी सॉलिसिटरच्या ऑफिसातली तनया करणार आहे. तिनं माझे टोमणे गाळू नयेत.

कलम १. माझ्या मागे सगळी व्यवस्था माझी नात, उदयची मुलगी मायरा हिनं पाहावी. ती कार्डिफला युनिव्हर्सिटीत आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आजी, माझा नाव नको टाकू ना, मला हे सगळा जमणार नाही." म्हटलं, तुझं मराठी चालतं तसंच हेही चालेल. नाव टाकलेलं आहे.

कलम २. तांब्याचं मोठं घंगाळ माझी नणंद सुप्रभा हिला द्यावं. माझ्या सासऱ्यांनी ते ठोकून केलं. लग्नात मला दिलं. सुप्रभा गेली कित्येक वर्षं प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणते, "वहिनी, ते घंगाळ खरं तर माझं." खरं असो, खोटं असो, तिला द्यावं. मात्र घासून देऊ नये. ते घासायला काय लागतं हे तिलाही कळायला हवं.

कलम ३. माझ्या नवऱ्याची हत्यारं, म्हणजे हातोडे, पाने, कानशी आणि शेडमधला व्हाइस, म्हणजे लोखंडी शिकंजा, मायराला. पुरुषोत्तम जातीचे तांबट. इथे आले आणि बस डेपोत फिटर झाले. तांबं सुटलं पण खंडेनवमी सुटली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा, त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. ज्याच्यावर आपण जेवतो त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, एवढाच त्याचा अर्थ. डेपोतले गोरे लोकसुद्धा आपापले पाने आमच्याकडे पाठवून द्यायचे, कारण परत मिळायचे तेव्हा चकचकीत असायचे. हत्यारं उदयला का नाहीत, तर त्या व्हाइसमध्ये हल्ली काय धरलं जातं हे मी पाहिलं आहे.

कलम ४. आता पिस्तुलाविषयी.

ते माझ्या मालकीचं नाही, म्हणून मला ते कोणाला देता येत नाही. पण ते माझ्या घरात राहतं आणि त्याच्यापायी हा कागद लिहावा लागला, म्हणून त्याची नोंद हवी.

हे पिस्तूल खरं नाही, उदय याला एअरसॉफ्ट म्हणतो. यातून साबुदाण्याएवढे प्लॅस्टिकचे मणी उडतात. उदय रविवारी बेसिंगस्टोकच्या बाजूला एका रानात जातो. तिथे त्याच्यासारखेच पन्नाशीचे पुरुष झाडाआडून एकमेकांना मणी मारतात. ज्याला लागतो तो प्रामाणिकपणे हात वर करतो आणि चहा प्यायला जातो. याला माझी हरकत नाही. पुरुषाला रविवारी कुठेतरी पाठवावंच लागतं.

पण हे पिस्तूल लहान. शर्टाखाली लपवून रोज बरोबर बाळगायचं, तसल्या अमेरिकन पिस्तुलावरून केलेलं. त्याचे व्हिडिओ उदय जेवताना बघतो. इथे रस्त्यावर असलं बाळगलं तर पकडून नेतात. म्हणून उदय ते कमरेच्या पट्ट्याला लावतो, हॉलमधून किचनमध्ये जातो, आणि किचनमधून हॉलमध्ये परत येतो.

मग त्याचं अपग्रेड सुरू झालं. वरचा सरकता भाग प्लॅस्टिकचा होता, तो काढून धातूचा बसवला. मग तो जड झाला म्हणून आतली स्प्रिंग बदलली. स्प्रिंग कडक निघाली म्हणून ट्रिगर बदलला. नळी बदलली. नेम धरायला हिरवे ठिपके लावले, ते अंधारात चमकतात. रंग वाळवंटाचा दिला. रीडिंगला वाळवंट नाही, पण तयारी असावी. मूठ हातात घट्ट बसावी म्हणून सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं तिच्यावर बारीक बारीक डाग पाडले, ते माझ्या किचनमध्ये बसून. आमटीला प्लॅस्टिकचा वास आला.

मी विचारलं, "उदय, यात तू विकत आणलेलं आता काय उरलंय?"

"आई, बॉक्स आहे ना."

"आणि मणी कुठवर जातो?"

"सध्या जॅम होतो. हा पिस्तूल ट्यून व्हायला टाइम घेतो."

माझी सून सीमा बेसिनपाशी उभी होती. ती मागे न वळता म्हणाली, "हा नळ पण ट्यूनच होतोय. मागच्या दिवाळीपासून."

सीमा नागपूरची. इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. उदयनं यंदाच्या एप्रिलमध्ये कंपनीकडून पैसे घेऊन स्वखुशीनं नोकरी सोडली. कंपनी म्हणाली कोणी सोडून जाणार का, आणि आमचा हात वर. तेव्हापासून घर सीमाच्या पगारावर चालतं. हे कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते.

यंदाच्या खंडेनवमीला मी नेहमीसारखा पुढच्या खोलीत, मोठ्या खिडकीपाशी पाट मांडला. हत्यारं मांडली. वात आणायला आत गेले, तेवढ्यात उदयनं मधोमध पिस्तूल ठेवलं. मी बाहेर आले, चष्मा नव्हता, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. ओवाळायला लागले तेव्हा दिसलं की एका हातोड्याला भोक आहे आणि ते माझ्याकडे बघतंय.

"हे काय?"

"आई, इट्स अ वेपन. शस्त्रपूजा आहे ना?"

"याच्यावर आपण जेवतो का?"

"जेवणार. बघ तू."

तेवढ्यात पार्सलवाला दाराशी आला. त्यानं खिडकीतून काय पाहिलं, तर पाटावर पिस्तूल, भोवती फुलं, त्याच्यावर रक्तासारखं काहीतरी, आणि समोर पेटती वात घेऊन म्हातारी. त्यानं पोलिसांना फोन केला. त्याला मी दोष देत नाही. मी असते तर मीही केला असता.

पोलीस आले ते खऱ्या बंदुका घेऊन. बाहेरून ओरडले, घरातल्यांनी हात वर करून एकेकानं बाहेर यावं. उदय जिन्यानं वर गेला. बाथरूमची कडी लागल्याचं मला ऐकू आलं. मग आतून आवाज, "सीमा, यू गो. त्यांना सांग, इट्स जस्ट एअरसॉफ्ट."

सीमा ड्यूटीवरून नुकतीच आली होती, पुरणाला हात घातला होता. ती तशीच बाहेर गेली. तिला अंगणातल्या खडीवर गुडघे टेकायला लावले, हात डोक्यावर. हात पिवळे. सगळी गल्ली खिडक्यांत. मागून मी तबक घेऊन गेले. एक कोवळा पोलीस मला म्हणाला, हातातलं खाली ठेवा. मी म्हटलं, "आरती झाल्याशिवाय ठेवत नाहीत." त्यानं इंग्रजीत तेच पुन्हा सांगितलं, मी मराठीत तेच पुन्हा सांगितलं. शेवटी शेजारचा ब्रायन कुंपणावरून म्हणाला, "शी इज प्रेइंग, मेट." तेव्हा त्याचा श्वास सुटला आणि माझाही.

सगळं शांत झाल्यावर उदय खाली आला. पोलीस पिस्तूल पिशवीत घालत होते. सीमा गुडघ्यात रुतलेली खडी एकेक करून काढत होती. उदय पोलिसाला म्हणाला, "प्लीज बी केअरफुल विथ द फिनिश."

मी माझ्या मुलाला पन्नास वर्षं ओळखते. पण हे ऐकलं तेव्हा आधीचं मृत्युपत्र कोणत्या कपाटात आहे हे मला आठवलं.

पोलीस सभ्य होते. चौकशी करून पिस्तूल परत दिलं आणि पडदे लावत जा म्हणाले. पुढचा आठवडाभर उदय कान कोरायच्या काड्यांनी त्यातलं कुंकू काढत बसला होता. "आई, हळद ट्रिगरमध्ये गेली," असं मला दोनदा ऐकवलं. सीमाच्या गुडघ्यांचं कोणाला काही ऐकवलं नाही.

कलम ५. बांगड्या सीमाला, मोहनमाळ मायराला. बँकेत जे असेल त्यातून आधी किचनचा नळ करावा. मग माझे विधी करावेत. हाच क्रम ठेवावा. विधींना पाणी लागतं.

कलम ६. डेपोतला खाकी कोट, जो पुरुषोत्तम निवृत्त होईपर्यंत रोज घालत, तो उदयला. त्याला रोज बरोबर काहीतरी बाळगायची हौस आहे आणि त्या कोटाला खिसे भरपूर आहेत. त्याच्या वडिलांच्या खिशात पाना, किल्ल्या, रुमाल आणि डबा एवढंच असायचं. त्यातलं काही अपग्रेड करावं लागलं नाही.

कलम ७. घर.

हे घर आम्ही दोघांनी घेतलं, पुरुषोत्तम गेल्यावर माझ्या एकटीच्या नावावर झालं. दसरा होऊन गेल्यावर उदय एक कागद घेऊन आला. त्याला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घ्यायचा आहे. तिथे तो लोकांची पिस्तुलं अशीच बदलून देणार. दुकानाचं नाव 'उदय टॅक्टिकल'. त्यासाठी घरावर कर्ज हवं, आणि कर्जाला माझी सही.

"आई, फक्त फॉर्मॅलिटी आहे."

"दुकान चाललं नाही तर?"

"चालणार."

"नाही चाललं तर घर कोणाचं?"

"बँकेचा. बट दॅट वोन्ट हॅपन."

"सीमाला विचारलंस?"

"तिची साइन नाही लागत. तिचं नाव नाही ना घरावर. लीगली शी डझन्ट काउंट."

सीमा तिथेच मटार सोलत बसली होती. मटार सोलायचे तेवढे थांबले.

मी सही केली नाही. पण मी गेल्यावर जुन्या मृत्युपत्रानं घर उदयचं झालं असतं, आणि दुसऱ्याच दिवशी तो तोच कागद घेऊन बँकेत गेला असता. या वयात 'मी गेल्यावर' हे फार लांबचं बोलणं नाही. म्हणून:

हे घर, मागची शेड आणि व्हाइस सोडून शेडमध्ये जे जे खिळलेलं आहे ते सर्व, मी माझी सून सीमा उदय तांबट हिला, तिच्या एकटीच्या नावानं, पूर्ण मालकीहक्कानं देत आहे. तिनं विकावं, ठेवावं, भाड्यानं द्यावं. तिला विचारल्याशिवाय त्याच्यावर कोणी एक पेनीसुद्धा उचलू नये. कोणाला कोर्टात जायचं असेल तर खुशाल जावं. जाताना पिस्तूल घरी ठेवावं.

सीमा म्हणेल, आई, हे बरं दिसत नाही. तिला सांगावं, अंगणात दिसलं ते बरं दिसलं का.

वरील सर्व मी वाचून, समजून, चहा पिऊन लिहिलं आहे. ज्यांना यातून काही मिळतं त्यांना साक्षीदार होता येत नाही, म्हणून ज्यांना काहीच मिळत नाही अशा दोघांना बोलावलं. दोघांनीही मला सही करताना पाहिलं, मी त्यांना करताना पाहिलं.

सही: यमुना पुरुषोत्तम तांबट

साक्षीदार: ब्रायन हॉलिस, शेजारी. (मराठी येत नाही. मजकूर विचारला नाही. माणूस चांगला.)

साक्षीदार: ऋजुता अनुप बेंद्रे, समोरच्या घरातली. (मराठी येतं. वाचू नको म्हटलं तरी वाचलं. हसली.)

स्थळ: रीडिंग. तारीख: २२ नोव्हेंबर २०२५.

सहीच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही असं तनयानं बजावलं आहे. म्हणून हे मुद्दाम खाली लिहिते. ही वाटणी नाही, माझी आज्ञा आहे. वाचन संपलं की मायरानं सगळ्यांसमोर विचारावं, "बाबा, आईच्या घरात तुम्हाला राहायचंय का? राहायचं असेल तर तिनं तुम्हाला का ठेवावं?" सीमाला सवय आहे, बँकेचा फोन असो की डॉक्टरांचा, उदयच्या वतीनं तीच बोलते. या वेळी तिनं तोंड उघडायचं नाही. मायरानं शब्द पुरवायचे नाहीत. मराठी चुकलं तरी चालेल, वेळ लागला तरी चालेल, सगळ्यांनी बसून राहावं. उत्तर उदयनं द्यायचं.